तक्रार : वीस मिनिटांनी शुद्ध हरपते

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन गुडघे वगळून. त्यांनी या वर्षापासून वाकायचं सोडलं आहे. बाकीची सहा अंगं तुझ्यापुढे आडवी आहेत असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? कानांचं विचारत नाही, कारण विचारलं की तू 'काय?' म्हणणार हे मला कागदावरसुद्धा ऐकू येतं. रक्तदाबाची गोळी सकाळी उठल्यावर घेत जा, आठवेल तेव्हा नव्हे. आणि एक दिवस विसरलास तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नकोस. चाळीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली कंपाउंडर होतो, त्यामुळे लोक गोळ्या कशा घेतात ते मला पक्कं ठाऊक आहे. इकडे आम्ही दोघं ठणठणीत. तुझी भावजय तर इतकी ठणठणीत आहे की आत्ता माझ्या खांद्यावरून हे वाचते आहे. आजारी पडला होता तो कॉम्प्युटर, आणि त्याच्या आजारपणात मी जे काही केलं त्याचा हा जबाब.

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, म्हणजे मग फाटे फोडायला मी मोकळा. गेल्या आठवड्यातल्या सोमवारी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, तुझ्या लाल ट्रकच्या मागे मी माझा निळा ट्रक पुलावर चढवत असताना माझा पडदा काळा झाला. दादा, मी निघून गेलो नाही. मी रागावलो नाही. मी बटण बंद केलं नाही. तुला मात्र तसंच वाटलं असणार, कारण नेमकं तेव्हाच तू टाइप करत होतास. तुझी सवय तुला माहीत आहे, तीन-चार शब्द झाले की पाठवायचे, प्रत्येक थांब्यावर बस उभी केल्यासारखे. माझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच : 'बारक्या, मी ठरवलंय.' मग 'हे घर आता सोडायचं.' मग 'आणि पुढचं आयुष्य'. आणि अंधार. पुढचं आयुष्य काय, कुठे, कोणाबरोबर, ते त्या पुलावरच राहिलं. आज अकरा दिवस मी हे तीन तुकडे घेऊन घरात फिरतो आहे. कधी वाटतं तू एखाद्या वृद्धाश्रमात नाव घातलंस, कधी वाटतं तुझ्या त्या जुन्या कंडक्टर मित्राबरोबर कुठेतरी लांब निघालास. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझ्या मनाला तर सध्या दुसरं कामच नाही.

(ही म्हणते, भाऊजींना माहीत असलेलं भाऊजींनाच कशाला सांगता? तर सांगतो, कारण लिहिताना मला बरं वाटतं.) चौतीस वर्षं बसचं इंजिन तुझ्या शेजारी घुरघुरत होतं आणि तू निवृत्त झालास तेव्हा ते तुझे कान स्वतःकडे ठेवून घेऊन बसलं. त्यानंतर आपण फोनवर कसे बोलायचो आठवतं? मी ओरडून विचारायचो 'जेवलास का', तू ओरडून सांगायचास 'नाही, इकडे ऊन आहे', आमच्या खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घ्यायचे आणि शेवटी दोघंही चिडून फोन ठेवायचो. मोबाइल तू घेतला नाहीस. जे वाजलेलं कळत नाही ते खिशात कशाला बाळगायचं, हा तुझा प्रश्न, आणि त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. मग माझ्या लेकीने एकसारखे दोन कॉम्प्युटर जुळवले, एक तुझ्याकडे ठेवला, एक माझ्याकडे, आणि दोन्हींत तो ट्रक चालवायचा खेळ घातला. साठी उलटलेल्या दोन माणसांना तिने खेळायला बसवलं म्हणून मी तेव्हा तिला बरंच सुनावलं होतं. तीन वर्षं झाली त्याला. रोज पाच वाजता तू पुढे, मी मागे. रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही तू लाल सिग्नलला थांबतोस. मी वळणावर खांबाला घासतो, मागे पडतो, आणि धापा टाकत पुढे येऊन बघतो तर तू मुकाट्याने गाडी कडेला घेऊन, दिवे लुकलुकते ठेवून थांबलेला. त्या पडद्याच्या कोपऱ्यात आपण जेवढं बोललो तेवढं उभ्या आयुष्यात समोरासमोर बोललो नसू. वहिनी गेल्यानंतर तुला झोप लागत नाही, हेही तू मला तिथेच सांगितलंस, ट्रकमध्ये डिझेल भरता भरता.

तर अशा या कॉम्प्युटरचा मी मंगळवारी सकाळी रीतसर केस-पेपर काढला. रुग्ण : कॉम्प्युटर. वय : तीन वर्षं. तक्रार : वीस मिनिटांनी शुद्ध हरपते. बाकी लक्षणं अशी की फोटो पाहा, पत्र टाइप करा, दिवसभर बसा, काही नाही. ट्रक सुरू केला की विसाव्या मिनिटाच्या आसपास डोळे पांढरे. (हिचं निदान : कामचुकार आहे. हलक्या कामाला पुढे, जड काम आलं की चक्कर. हे बोलताना तिने माझ्याकडे का पाहिलं ते कळलं नाही.) भिंतीतल्या प्लगमध्ये मी टेबललॅम्प लावून पाहिला, तो तासभर डोळा न मिटता जळला. मग निवृत्तीच्या दिवशी डॉक्टरांनी मला दिलेला थर्मामीटर काढला, झटकला आणि डब्याच्या मागच्या जाळीत धरला. पारा एकशे आठपर्यंत गेला. त्यापुढे आकडेच नाहीत, कारण त्यापुढे माणूसच नसतो. मी घाबरून गार पाण्याची पट्टी भिजवून आणली. ती मी कॉम्प्युटरच्या कपाळावर ठेवणार एवढ्यात ही धावत आली आणि विजेची वायर व ओलं फडकं यांच्या नात्याबद्दल मला चार शब्द सांगितले.

लेकीला फोन लावला. तिने सांगितलं, बाबा, पॉवर सप्लाय असेल, मेमरी असेल, ग्राफिक कार्ड असेल, पण काहीही करा, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. आता तूच सांग, आमच्या दवाखान्यात कोणी कधी एका वेळी एकच औषध दिलं होतं का? तापाचं, खोकल्याचं आणि वरून एक लाल टॉनिक. कशाने बरं वाटलं हे विचारायला रोगी परत आला नाही म्हणजे बरं वाटलं. मी एकाच दुपारी मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, पॉवर सप्लायची वायर उलटसुलट करून पाहिली, आणि हात लागलाच आहे तर कीबोर्डही धुतला. बटण दाबलं तर डब्याने तीन लांब शिट्ट्या मारल्या. तुझ्या कंडक्टरने तीन घंटा मारल्या की तू बस जागच्या जागी उभी करायचास, तसा मीही उभा राहिलो. मेमरीची एक पट्टी नीट बसली नव्हती. ती बसवली, शिट्ट्या थांबल्या, ट्रक सुरू झाला, मला भरून आलं, आणि एकोणिसाव्या मिनिटाला पडदा काळा. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय. लेकीला मी ते तुझे तीन तुकडे मात्र सांगितले नाहीत. का सांगितले नाहीत ते विचारू नकोस.

शेवटी शुक्रवारी रुग्णाला शालीत गुंडाळून बसने दुरुस्तीच्या दुकानात नेलं. मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या एका बाईंनी फार मायेने विचारलं, किती दिवसांपासून आजारी आहे? मी म्हटलं, पाच. त्या म्हणाल्या, अंगावर काढू नका हो. दुकान चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, अंबाड्यात पेन्सिल खोचावी तसा स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला, आणि बोलणं इतकं कमी की आमचे डॉक्टर त्यांच्यापुढे वाचाळ ठरतील. त्यांनी माझा केस-पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. थर्मामीटरपाशी आल्यावर त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग डबा टेबलावर आडवा झोपवला, झाकण न उघडताच त्यांच्या पडद्याला जोडला आणि ट्रक सुरू करून दिला. दादा, दोन तास! दोन तास तो गडी असा धावला की जणू आयुष्यात कधी शिंकला नसेल. मला तर शरम वाटायला लागली. घरी तापाने फणफणलेलं पोर दवाखान्याच्या पायरीवर आलं की हसायला लागतं, आणि आई बिचारी खोटी पडते. अशा कित्येक आयांकडे मी काउंटरच्या आतून संशयाने पाहिलं होतं. त्या सगळ्यांची मी त्या दिवशी मनात माफी मागितली. घरी आणून टेबलाखाली उभा केला आणि अठराव्या मिनिटाला बंद.

रविवारी त्या बाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, दुकानात चालतो आणि घरी पडतो, म्हणजे घर बघायला पाहिजे. आल्या, चहा नको म्हणाल्या, आणि पहिलाच प्रश्न असा विचारला की आजार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही याला काय केलं होतं? मी म्हटलं, काही नाही. रोगी मुख्य गोष्ट डॉक्टरांपासून लपवतो हे मी चाळीस वर्षं पाहिलं आहे आणि चाळीस वर्षं त्यावर हसलो आहे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही ओरडली, "अहो, त्या रविवारी आंघोळ घातलीत ना त्याला!" मग सगळं बाहेर आलं. आंघोळ म्हणजे कोरडीच, ब्रशने. पण झाकण उघडल्यावर आतल्या वायरी अशा लोंबत होत्या की मला पाहवेना. एखाद्याचा हात असा लोंबताना दिसला तर मी काय करीन? तेच केलं. गॉजची पट्टी आणली, सगळ्या वायरी एकत्र घेतल्या, नीट गुंडाळल्या आणि चपटी गाठ मारली. आणि गाठीची टोकं लांब सोडली. कंपाउंडरकीत पहिला धडा तोच असतो : टोकं लांब सोडावीत, म्हणजे रोग्याला एका हाताने पट्टी सोडता येते.

बाईंनी डबा उभाच ठेवला, झाकण काढलं, ट्रक सुरू केला आणि मला टॉर्च घेऊन जमिनीवर आडवं व्हायला सांगितलं. (आडवा झालो. परत उभं करायला दोघी लागल्या.) ग्राफिक कार्डाच्या पोटाखाली छोटे पंखे असतात. हलकं काम असताना ते फिरतच नाहीत, खेळ सुरू झाला की फिरतात. माझ्या पट्टीचं एक टोक ताठ मानेने वर उभं राहून थेट त्या पंख्यांत घुसलं होतं. पंखे थरथरत होते, फिरत नव्हते. कार्ड तापायचं, तापायचं, आणि जीव वाचवायला सगळा कारभार बंद करायचं. दुकानात डबा आडवा झोपवला की टोक बाजूला पडायचं, म्हणून तिथे दोन तास ठणठणीत. बाईंनी चिमट्याने पट्टी सोडवली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "गाठ मात्र छान आहे." त्यांच्या दुकानात इतक्या वर्षांत मेलेले उंदीर आले, पाली आल्या, एकदा एक कवळी आली, पण ड्रेसिंग केलेला कॉम्प्युटर पहिलाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही शालीत गुंडाळून.

तर अशी हकीकत. तुझ्यापासून मला तोडलं ते कुठल्या बिघाडाने नव्हे, माझ्याच हाताने, आणि तेही माया करायला जाऊन. याचं मला फार वाईट वाटतं आहे. तू जे काही ठरवलं असशील त्यात मी पडणार नाही. तू थोरला आहेस. फक्त कुठल्या कागदावर सही करण्याआधी ते पुढचं आयुष्य म्हणजे काय, एवढं सवडीने दोन ओळी लिहून कळव. घाई नाही. घरच्या कुंडीतल्या रोपांना, आणि तुझ्या त्या लंगड्या मांजराला माझा आशीर्वाद. तुझ्या पायांपाशी माझं डोकं आहेच, गुडघे बरे झाले की तेही येतील.

तुझा,
बारक्या

ता. क. १ : पाकीट चिकटवलं होतं. हिने ते वाफेवर धरून परत उघडायला लावलं. तिचा एकच प्रश्न : मशीन रोज वीस मिनिटं चालत होतं ना? मग भाऊजींचे निरोप वाचायला किती वेळ लागतो? दादा, एक मिनिट लागतं. तू पाठवलेलं तिथे साठून राहतं, खेळ उघडला की कोपऱ्यात दिसतं. मी अकरा दिवसांत तो खेळ निदान तीस वेळा उघडला असेन. पण मंगळवारी पहिल्यांदा उघडायच्या आधी मी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर औषधाची चिकटपट्टी लावून टाकली होती. रुंद, गुलाबी, जखमेवर लावतो ती. (दुकानात इंटरनेट जोडलेलं नव्हतं, म्हणून तिथल्या पडद्यावर निरोप आलेच नाहीत.) मला वाचायचं नव्हतं. मला भीती वाटली. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण मशीनचं दुखणं लवकर सापडू नये असं माझ्यातल्या कुणालातरी वाटत होतं, हे त्यात लिहायचं राहिलं.

ता. क. २ : चिकटपट्टी एका झटक्यात ओढली की कमी दुखतं असं मी हजारो लोकांना सांगितलं आहे. खोटं आहे ते. आत्ता ओढली. खाली होतं :

'तुझ्या गल्लीत काढावं म्हणतो.'
'एखादी खोली बघशील?'
'हाकेच्या अंतरावर.'
'हाक ऐकू येणार नाही ते माहीत आहे.'
'आहेस?'

मंगळवारी : 'बारक्या?' बुधवारी : 'घाई नाही.' शुक्रवारी, मी कॉम्प्युटर शालीत गुंडाळून बसमध्ये बसलो होतो तेव्हा : 'नसेल जमत तर राहू दे.' आणि रविवारी पाच वाजता : 'गंमत केली रे. विसर.'

त्यानंतर काही नाही. त्यानंतर तुझा ट्रकही रस्त्यावर आलेला नाही, मी आत्ता तासभर पुलापाशी थांबून पाहिलं. दादा, मी मूर्ख आहे. मी कंपाउंडर म्हणूनच बरा होतो, डॉक्टर झालो असतो तर किती माणसं मारली असती. गल्लीत खोली बघणार नाही. आमची मागची खोली रिकामी केली आहे, तिला खिडकी आहे, आणि माझ्या टेबलाशेजारी तुझं टेबल मावतं, मी मापून पाहिलं.

ता. क. ३ (हिच्या हातचं) : तीर्थस्वरूप भाऊजींस सा. न. खोली मी रिकामी केली, यांनी फक्त फूटपट्टी धरली. ती चिकटपट्टी मी पहिल्या दिवसापासून पाहत होते, तिच्या कडेकडेने रोज पडदा पुसत होते. म्हटलं, स्वतःहून निघू दे. भाऊजी, मला ओझं होईल असं मनात आणू नका. आम्हाला बोलायला तिसरं माणूस हवंच आहे. तुम्ही शेजारी बसून यांना टाइप करा, हे तुम्हाला टाइप करतील, आणि घरात एक तास शांतता राहील. मांजरसुद्धा आणा.

ता. क. ४ (पेन्सिलीने, अक्षर वाकडं आहे कारण कागद गुडघ्यावर आहे) : टपालाने हे तीन दिवसांनी पोचलं असतं. तेवढा धीर निघेना, म्हणून सकाळच्या बसने मीच घेऊन आलो. तुझ्या दारात उभा राहून तीनदा बेल वाजवली, मग कडी वाजवली, मग 'दादा' म्हणून ओरडलो. शेवटी समोरच्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, ते घरातच आहेत, पण त्यांना ऐकू येत नाही. म्हटलं, माहीत आहे, माझा भाऊ आहे. आता हे दाराखालून आत सरकवतो. मी बाहेर पायरीवर बसलोय. वाचून झालं की उत्तर लिहायला बसू नकोस. दार उघड.